तेल्याचा जिवाणू सगळीकडे एकसारखाच असेल, तर तो बदलतो कशाने?

माणदेशी

डाळिंबावरील तेल्या रोगाविषयी मराठीत जे लिहिले जाते, ते बहुतेक वेळा फवारणीच्या वेळापत्रकापाशी येऊन थांबते. रोग घडवणारा जिवाणू कोण, त्याच्यात आपापसांत भेद किती आणि ते भेद येतात कुठून, हे प्रश्न मागेच राहतात, म्हणून हा धागा काढत आहे. आपल्या देशात या रोगाची पहिली नोंद १९५२ मध्ये दिल्लीत झाली आणि १९५९ मध्ये जिवाणूला झँथोमोनास प्युनिकी हे नाव मिळाले. वर्गीकरण बदलत गेल्यामुळे आज तो झँथोमोनास सिट्री या जातीचा 'प्युनिकी' पॅथोवार, म्हणजे डाळिंबावर वाढणारा उपगट, मानला जातो. पुढची काही दशके तो किरकोळ समजला गेला. २००० नंतर मात्र सांगोला, आटपाडी, मालेगाव, सटाणा या भागांत आणि सीमेपलीकडे विजयपूर, बागलकोट, कोप्पळकडे त्याने बागा मुळासकट काढायला लावल्या.

माझी अडचण अशी आहे. वेगवेगळ्या जिल्ह्यांतून गोळा केलेले तेल्याचे जिवाणू जनुकीय दृष्टीने एकमेकांशी फारच सारखे निघतात, असे अभ्यास सांगतात. जिवाणू दुभंगून वाढतो, त्याला नर-मादी नाहीत, त्यामुळे लेकीची पेशी आईसारखीच असणार, हेही समजते. मग एकीकडे 'हा जिवाणू एकाच साच्यातला आहे' असे म्हणायचे आणि दुसरीकडे 'तो औषधाला दाद देईनासा होईल, नव्या वाणाचा प्रतिकार मोडेल' अशी भीती घालायची, या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

अनुवंश

प्रश्न नेमका आहे. उत्तर देताना 'वाढ' आणि 'जनुकांची देवाणघेवाण' या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. आपल्यात या दोन्ही एकाच घटनेत घडतात, कारण संतती जन्माला येताना आईवडिलांची जनुके मिसळतात. जिवाणूंमध्ये त्यांचा परस्परांशी संबंध नसतो. पेशी दुभंगते तेव्हा काहीही मिसळत नाही. आणि जेव्हा मिसळते तेव्हा नवी पेशी जन्माला येत नाही, तर असलेल्याच पेशीच्या जनुकसंचातला एखादा तुकडा बदलला जातो किंवा नव्याने भर पडते. ही देवाणघेवाण एकतर्फी असते, तुकड्यातुकड्याने होते आणि देणारा मेलेला असला तरी चालते.

तिचे तीन मार्ग शाळेच्या पुस्तकांतही सापडतात. आजूबाजूला पडलेला डीएनए पेशीने आत ओढून घेणे, याचा पहिला पुरावा फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी १९२८ मध्ये दिला. दोन पेशींनी एकमेकींना चिकटून डीएनए देणे लेडरबर्ग आणि टेटम यांनी १९४६ मध्ये दाखवले, आणि जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूंमार्फत होणारी ने-आण झिंडर आणि लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये. आत आलेला तुकडा जुन्या तुकड्याशी बराचसा जुळत असेल, तर पेशीची दुरुस्तीयंत्रणा त्याची अदलाबदल करते. यालाच काटेकोर अर्थाने पुनःसंयोजन म्हणतात. तुकडा अगदीच परका असेल, तर त्याला स्वतःचे वाहन लागते: प्लाझ्मिड (गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे छोटे वर्तुळ), उड्या मारणारे जनुक, किंवा गुणसूत्रात शिरून बसणारे आणि पुन्हा बाहेर पडू शकणारे जनुकबेट.

फवारणीशी थेट जोडलेले उदाहरण सफरचंद आणि नासपतीच्या 'फायर ब्लाइट' रोगाचे आहे. अमेरिकेत या रोगासाठी १९५० च्या दशकापासून स्ट्रेप्टोमायसीन हे प्रतिजैविक फवारले जात होते. कॅलिफोर्नियात १९७१ च्या सुमारास त्याला दाद न देणारा इर्विनिया अमायलोव्होरा, म्हणजे या रोगाचा जिवाणू, सापडला. त्याच्यात बाहेरून काहीच आलेले नव्हते. पेशीत प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोममधल्या एका प्रथिनाच्या ४३ व्या जागी एक अमिनो आम्ल बदलले होते, एवढेच. मिशिगनमध्ये १९९० नंतर तोच जिवाणू प्रतिकारक झाला, पण अगदी निराळ्या वाटेने. तिथे त्याच्यात टीएन५३९३ नावाचे उडते जनुक आढळले आणि त्यावर स्ट्रेप्टोमायसीन निकामी करणारी विकरे तयार करणाऱ्या जनुकांची जोडी होती. हे जनुक ज्या प्लाझ्मिडवर बसून आले, तसेच प्लाझ्मिड त्याच बागांतल्या फुलापानांवर राहणाऱ्या निरुपद्रवी पँटोईया जिवाणूंमध्येही होते. म्हणजे रोगकारकाने प्रतिकाराची ही सामग्री शेजाऱ्याकडून आयती घेतली.

बाहेरून पाहिले तर दोन्ही ठिकाणी औषध लागू पडेनासे झाले, हेच दिसते. फरक असा की उत्परिवर्तनाने आलेला प्रतिकार त्या वंशापुरता राहतो, आणि वाहनावर बसलेला प्रतिकार तिथल्या कोणत्याही जातीच्या जिवाणूला मिळू शकतो.

सांख्यिक

अनुवंश यांच्या लेखनाला एक जोड देतो, कारण मूळ प्रश्नातल्या 'फारच सारखे निघतात' या शब्दांतच गोम आहे.

नमुने सारखे निघाले म्हणजे देवाणघेवाण होत नाही, असा निष्कर्ष निघत नाही. दोन पेशी तंतोतंत सारख्या असतील आणि त्यांनी एकमेकींना हजार तुकडे दिले, तरी त्याची कसलीही खूण उरणार नाही, कारण बदललेला तुकडा आणि मूळ तुकडा एकच आहेत. पुनःसंयोजन मोजण्याच्या सर्व पद्धती भेदांवर चालतात. एका जनुकावरून काढलेला वंशवृक्ष आणि दुसऱ्या जनुकावरून काढलेला वंशवृक्ष जुळत नाहीत, तेव्हा आपण म्हणतो की मधल्या काळात तुकडे इकडचे तिकडे झाले. भेदच नसतील तर वृक्षच काढता येत नाही, मग तो जुळतो की नाही हे कुठून कळणार?

दुसरे असे की एकसारखेपणा ही साथीच्या ताजेपणाची खूण असू शकते. जॉन मेनार्ड स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये जिवाणूंच्या समूहरचनेवर जो निबंध लिहिला, त्यात हा भेद फार स्वच्छपणे मांडला आहे. काही जिवाणू खरोखरच दुभंगत दुभंगत वेगळे झालेले असतात. काहींमध्ये मात्र देवाणघेवाण भरपूर असते, पण त्यातला एखादा यशस्वी प्रकार अलीकडेच झपाट्याने पसरलेला असतो, त्यामुळे नमुन्यांत तोच तो पुन्हा पुन्हा हाती लागतो आणि वरवर सगळा समूह एकसाची वाटतो. मेंदूज्वराच्या जिवाणूचे उदाहरण त्यांनी या दुसऱ्या गटासाठी दिले होते.

तज्ज्ञांतही यावर एकमत सहज होत नाही. स्यूडोमोनास सिरिंगी या वनस्पतीरोगकारकाच्या ६० स्ट्रेनची, म्हणजे एकाच जातीतल्या वेगवेगळ्या वंशांची, सात मूलभूत जनुके तपासून २००४ मध्ये असे म्हटले गेले की त्याचा गाभा (सर्व स्ट्रेनमध्ये असणारी मूलभूत जनुके) मुख्यतः दुभंगण्यानेच घडला आहे. चार वर्षांनी टोमॅटोवरच्या जवळच्या स्ट्रेनचा गट बारकाईने पाहिल्यावर दुसऱ्या एका अभ्यासगटाला उलट दिसले, की त्यांच्यातल्या भेदांत उत्परिवर्तनापेक्षा पुनःसंयोजनाचा वाटा मोठा आहे. माझ्या मते दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी टिकतात. दूरच्या नातलगांत अदलाबदल विरळ असते, कारण तुकडे जुळत नाहीत. जवळच्यांत ती सर्रास असते. त्यामुळे 'या जातीत पुनःसंयोजन किती' असा सरसकट प्रश्न विचारला, तर येणारे उत्तर नमुने कुणी आणि कुठून गोळा केले यावर अवलंबून राहते.

कसमादे_रोपवाटिका

माझा व्यवसाय रोपांचा आहे, त्यामुळे सांख्यिक यांचा 'अलीकडेच पसरलेला एक प्रकार' हा मुद्दा मला लगेच पटला. डाळिंबाची लागवड मुख्यतः गुटी कलमांवर उभी आहे. 'भगवा' हा राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा वाण आल्यानंतर मागणी इतकी वाढली की मातृवृक्षाची नीट पारख न करता, उभ्या फळबागेतल्या झाडांवरच गुट्या बांधून कलमे विकली गेली. तेल्याचा जिवाणू फांदीवरच्या चट्ट्यांत आणि डोळ्यांत टिकून राहतो, कलम वरून निरोगी दिसते, आणि पहिल्या पावसात पानांवर तेलकट ठिपके उमटतात. एका तालुक्यातली कलमे तीन राज्यांत जात असतील, तर तिन्ही राज्यांत एकच जिवाणू सापडावा यात आश्चर्य कसले? या सारखेपणात जिवाणूच्या स्वभावापेक्षा आमच्या व्यापाराचा इतिहासच जास्त दिसतो, असे मला वाटते. बागेतल्या बागेत तो पुढे पावसाच्या उडणाऱ्या थेंबांनी आणि छाटणीच्या कात्रीने पसरतो, म्हणून मृग बहारात त्याचा जोर सर्वांत जास्त असतो, हे इथे सर्वांना ठाऊकच आहे.

माझी शंका वेगळी आहे. आमच्याकडे डाळिंबाला लागून कागदी लिंबाच्या बागा आहेत आणि लिंबावर खैऱ्या रोग असतोच. खैऱ्याचा जिवाणूही झँथोमोनास सिट्रीच ना? मग हे दोघे एकमेकांना जनुके देऊ शकतात का?

अनुवंश

हो, खैऱ्या हा त्याच जातीच्या 'सिट्री' पॅथोवारमुळे होतो आणि कापसावरचा कोनाकृती ठिपक्यांचा करपा 'मालव्हेसिएरम' पॅथोवारमुळे. म्हणजे सोलापूरचे डाळिंब, विदर्भातला कापूस आणि लिंबू यांच्यावरचे हे तीन जिवाणू जवळचे चुलत आहेत. त्यांचे तुकडे जुळण्यात अडचण नाही. अडचण भेटीची आहे. खैऱ्याचा जिवाणू डाळिंबाच्या पानात शिरून भरपूर वाढत नाही, आणि देवाणघेवाणीला दाट वस्ती लागते. त्यामुळे या दोन रोगांत थेट अदलाबदल रोज घडत असेल असे मी म्हणणार नाही. पानाच्या पृष्ठभागावर मात्र परके जिवाणूही काही काळ जगतात, आणि प्लाझ्मिडला नाते जवळचे असण्याची फारशी गरज नसते.

दोन चुलत एकाच झाडावर आले की काय होते, याचे उत्तम उदाहरण फ्लोरिडातल्या टोमॅटोच्या ठिपके रोगात आहे. तिथे पूर्वी झँथोमोनास युव्हेसिकॅटोरिया ही जात होती. १९९१ मध्ये झँथोमोनास परफोरान्स आढळली; ती पहिलीला मारणारी प्रथिने सोडते आणि काही वर्षांत तिने टोमॅटोवरून पहिलीला जवळजवळ हुसकावून लावले. पण पुढे संपूर्ण जनुकसंच वाचले गेले, तेव्हा विजेत्या जातीच्या काही स्ट्रेनमध्ये हरलेल्या जातीचे तुकडे जागोजागी बसलेले दिसले. जात नाहीशी झाली तरी तिची जनुके शेतातच राहिली.

रोपांच्या व्यापाराविषयी आपण लिहिलेत त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. लागण झालेले कलम जिवाणूला पसरवते, तसेच दूरदूरच्या नातलगांना एकत्रही आणते. इटलीच्या पुलिया भागात २०१३ मध्ये ऑलिव्हच्या झाडांवर झायलेला फॅस्टिडिओसा सापडला, तो मध्य अमेरिकेतून शोभेच्या कॉफीच्या रोपांबरोबर आला असावा असे मानले जाते. हा जिवाणू मोकळा डीएनए स्वतःहून आत घेतो, आणि अमेरिकेत तुतीवर आढळणारा त्याचा उपप्रकार तर दोन उपजातींच्या मिश्रणातूनच निर्माण झाला, असा जनुकीय पुरावा आहे. आपल्याकडच्या टोमॅटो-वांग्याची मर घडवणारा राल्स्टोनियाही असाच डीएनए आत घेणारा आहे. त्याचा आशियाई गट पुनःसंयोजनात पुढे आहे, तर बटाट्याबरोबर जगभर पसरलेला अमेरिकी उपगट बराचसा एकसाची आहे. एकाच रोगात दोन्ही चित्रे दिसतात.

खाजणकाठ

चर्चा बाहेरून येणाऱ्या तुकड्यांवरच चालली आहे, म्हणून भाताच्या कडा करप्याची बाजू मांडतो. झँथोमोनास ओरायझी या जिवाणूत पुनःसंयोजनासाठी दुसऱ्या पेशीची गरजही पडत नाही.

हा जिवाणू भाताच्या पेशीत काही प्रथिने टोचतो. त्यांतली टाल नावाची प्रथिने थेट वनस्पतीच्या केंद्रकात जाऊन ठरावीक जनुक चालू करतात. प्रत्येक टाल प्रथिनाच्या मध्यभागी साधारण ३४ अमिनो आम्लांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो, आणि प्रत्येक तुकड्यातल्या १२ व्या व १३ व्या जागेची दोन आम्ले डीएनएचे एक अक्षर ओळखतात. ही लिपी २००९ मध्ये उलगडली. आता गंमत पाहा. असे जवळजवळ सारखे तुकडे एका जनुकात पंधरा-वीस, आणि अशी जनुके फिलिपाइन्सच्या एका बहुचर्चित स्ट्रेनमध्ये १९ आहेत. सारखेपणामुळे ती एकमेकांशी सहज अदलाबदल करतात, तुकडे वाढतात, गळतात, त्यांचा क्रम बदलतो, आणि भाताच्या वेगळ्याच जनुकावर जाऊन बसणारे नवे प्रथिन तयार होते. फ्लोरिडातल्या एका प्रयोगशाळेने १९९५ मध्येच कापूस आणि लिंबू यांच्यावरच्या रोगकारकांतील अशा जनुकांच्या आतल्या पुनःसंयोजनातून नवे गुणधर्म निर्माण होतात हे दाखवले होते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय? भाताचे 'एक्सए-१३' हे प्रतिकारक जनुक म्हणजे साखर वाहून नेणाऱ्या एका जनुकाच्या स्विचमधला बदल आहे. जिवाणूचे एक टाल प्रथिन त्या स्विचला बसेनासे होते आणि रोग थांबतो. पण ज्या स्ट्रेनकडे साखरेचे दुसरे जनुक चालू करणारे टाल आहे, त्यांच्यापुढे हा प्रतिकार चालत नाही. म्हणूनच हैदराबादहून २००८ मध्ये आलेल्या सुधारित सांबा महसुरी या भाताच्या वाणात एकावर न थांबता 'एक्सए-५', 'एक्सए-१३' आणि 'एक्सए-२१' अशी तीन जनुके एकत्र घातली आहेत. जिवाणूने तिन्ही कुलुपे एकाच वेळी उघडणे फार अवघड आहे, हा त्यामागचा हिशेब.

डाळिंबात तेल्याला प्रतिकारक वाण आणायचा झाला, तर एकाच जनुकावर विसंबण्यापूर्वी हा अनुभव विचारात घ्यावा.

वाघ्या_घेवडा

खाजणकाठ यांच्या प्रतिसादाला पूरक, आणि माझ्या नावाला जागून घेवड्याचेच उदाहरण. घेवड्याच्या पानांवर पिवळ्या वलयाचे ठिपके पाडणाऱ्या स्यूडोमोनासमध्ये सुमारे १०६ हजार अक्षरांचे एक जनुकबेट आहे. त्यावर असे एक जनुक आहे, की ज्याचे प्रथिन 'टेंडरग्रीन' या घेवड्याच्या वाणाला ओळखता येते आणि झाड लगेच बचाव सुरू करते. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले की हा जिवाणू त्या प्रतिकारक पानात पुन्हा पुन्हा वाढवला, तर ते बेट गुणसूत्रातून सुटून वर्तुळाकार होते आणि काही पेशींतून गळूनच पडते. बेट गमावलेल्या पेशी झाडाच्या ओळखीतून निसटतात आणि त्याच वाणावर रोग घडवतात. पुढच्या प्रयोगांत हेच बेट पानाच्या आतच एका स्ट्रेनकडून दुसऱ्याकडे जातानाही दिसले.

म्हणजे विविधता वाढते ती जनुके मिळवूनच, असे नाही. टाकूनही वाढते, आणि टाकलेले शेजाऱ्याकडे सुरक्षित असेल तर पुन्हा मिळवताही येते. प्रतिकारक वाण लावणे हा उपाय खराच, पण तो लावताच जिवाणूच्या समूहात निवडही सुरू होते.

टेपुकीकर

मी न्यूझीलंडमध्ये किवीफळाच्या पट्ट्यात राहते. माणदेशी यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर इथे प्रत्यक्ष घडले आहे, म्हणून लिहिते.

किवीच्या वेलींना खोडाचा व्रणरोग करणारा स्यूडोमोनास जपानमध्ये १९८० च्या दशकापासून माहीत होता. इटलीत २००८ मध्ये त्याच्या एका आक्रमक प्रकाराने साथ सुरू केली आणि नोव्हेंबर २०१० मध्ये तो आमच्याकडे न्यूझीलंडमधल्या टे पुकी इथे आढळला. 'हॉर्ट१६ए' ही सोनेरी गराची जात त्यात जवळजवळ संपली आणि बागायतदारांना वेलींवर नव्या जातीची कलमे बांधावी लागली. इटली, न्यूझीलंड, चिली इथल्या जिवाणूंचे जनुकसंच वाचले, तेव्हा गाभा जवळजवळ एकच निघाला. मोजक्या अक्षरांचे फरक. अगदी तुमच्या तेल्यासारखे चित्र. पण त्या एकसारख्या गाभ्यात प्रत्येक ठिकाणच्या जिवाणूने निराळे जनुकबेट बसवून घेतलेले होते. उगमाच्या बाजूला, म्हणजे चीनमध्ये, याच जिवाणूची विविधता बरीच जास्त आहे.

यापुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. २०१० मध्ये इथे आलेल्या जिवाणूकडे तांब्याला प्रतिकार करणारी जनुके नव्हती. बागांमध्ये तांब्याच्या फवारण्या सुरू झाल्या आणि २०१४ मध्ये तांब्याला दाद न देणारे नमुने सापडले. तपासल्यावर कळले की ही जनुके जनुकबेटांवर आणि प्लाझ्मिडवर बसून बाहेरून आली होती, आणि सगळ्या नमुन्यांत एकच बेट नव्हते. म्हणजे हे संपादन एकापेक्षा जास्त वेळा, स्वतंत्रपणे घडले. ही बेटे झाडावरच एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात, हेही प्रयोगाने दाखवले गेले. आलेला जिवाणू एकसाची होता, पण इथल्या पानांवर पूर्वीपासून राहणारे जिवाणू एकसाची नव्हते.

निवृत्त_विस्तारक

टेपुकीकर ताईंनी तांब्याचा विषय काढला ते बरे झाले, कारण आपल्या बागांत बोर्डो मिश्रण आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड या तांब्याच्या औषधांचाच मोठा आधार आहे. झँथोमोनासमध्येही तांब्याचा प्रतिकार नवा नाही. फ्लोरिडात तो १९८० च्या दशकातच आढळला, आणि अर्जेंटिनात लिंबूवर्गीय खैऱ्याच्या जिवाणूत १९९४ मध्ये. तो बहुधा प्लाझ्मिडवरच बसलेला असतो.

मात्र एका गोष्टीवर माझे मत वेगळे आहे. ९० टक्के स्ट्रेप्टोमायसीन आणि १० टक्के टेट्रासायक्लिन असे जे मिश्रण आपल्याकडे फळबागांत वापरले गेले, त्यावर बंदी आणण्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये मसुदा आदेश काढला आणि १ जानेवारी २०२४ पासून वापर पूर्ण थांबवण्याचे त्यात प्रस्तावित केले. दवाखाने आणि कुक्कुटपालन यांत प्रतिजैविके कितीतरी जास्त प्रमाणात जात असताना बोट फळबागेकडे दाखवणे मला पटत नाही. शेतकऱ्याच्या हाती दुसरे काय आहे, याचा विचार आधी व्हायला हवा होता.

अनुवंश

सर, प्रमाणाचा आपला मुद्दा रास्त आहे आणि पर्यायाशिवाय बंदी आणणे शेतकऱ्याला जड जाते, हेही खरे. परंतु मिशिगनच्या बागेत सापडलेली स्ट्रेप्टोमायसीन निकामी करणारी जी जनुकांची जोडी मी वर सांगितली, तीच जोडी माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यांतील जिवाणूंच्या आरएसएफ१०१० या प्लाझ्मिडवरही आहे. बागेतला साठा आणि दवाखान्यातला साठा असे दोन वेगळे हिशेब जनुकांच्या पातळीवर उरत नाहीत. शिवाय बागेत फवारणी होते तेव्हा तेल्याच्या जिवाणूबरोबर पानावरचे सगळेच जिवाणू निवडले जातात. निरुपद्रवी जिवाणूंमध्ये प्रतिकार वाढला की तो रोगकारकाच्या दाराशी येऊन थांबतो. टेपुकीकरांनी सांगितलेल्या गोष्टीत नेमके हेच घडले.

माणदेशी

आता माझे मूळ कोडे बरेचसे सुटले. एकसारखेपणा गाभ्याचा आहे आणि धोका गाभ्याबाहेरचा आहे, असे मी समजतो. मग पुढचा प्रश्न व्यवहाराचा. आमच्या भागातले काही बागायतदार मिळून नमुने द्यायला तयार आहेत. ते कसे घ्यावेत, म्हणजे या प्रश्नांवर त्यांचा काही उपयोग होईल?

सांख्यिक

एकाच बागेतून पन्नास पाने घेण्यापेक्षा वेगवेगळ्या उगमाच्या बागांतून थोडी थोडी घ्या, आणि बागेची निवड कलमे कुठून आणली यावरून करा, गावावरून नको. मृग बहार, हस्त बहार आणि आंबे बहार यांतले नमुने वेगळे ठेवले, तर त्याच बागेतला बदल दिसू शकेल. तेल्या नसलेल्या झाडांची पाने आणि शेजारच्या लिंबाची पानेही त्यात असू द्या, कारण तांब्याची किंवा स्ट्रेप्टोमायसीनची जनुके तिथे आधी दिसण्याची शक्यता आहे.

अनुवंश

सहमत. फक्त सात जनुकांची चाचणी करून थांबणाऱ्या प्रयोगशाळेकडून हवे ते उत्तर मिळणार नाही, हे आधीच स्पष्ट करून घ्या. ती सात जनुके गाभ्यातली असतात. प्लाझ्मिड आणि जनुकबेटे त्या चाचणीला दिसतच नाहीत. निदान निवडक नमुन्यांचा संपूर्ण जनुकसंच वाचला जावा, आणि तोही लांब तुकडे वाचणाऱ्या पद्धतीने, कारण सारख्या तुकड्यांनी भरलेले भाग छोट्या तुकड्यांवरून नीट जोडता येत नाहीत. सोलापूरच्या केगाव येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राशी आधी बोललात, तर त्यांच्याकडचे जुने नमुने तुलनेसाठी मिळतील का, हेही विचारता येईल. तुलनेला जुना नमुना नसेल, तर बदल कधी झाला ते सांगता येत नाही.

कसमादे_रोपवाटिका

पाने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायची की कागदात? आणि सोबत कोणती माहिती लिहायची?

अनुवंश

कागदात. प्लॅस्टिकमध्ये पाणी सुटून पान कुजते आणि दुसरेच जिवाणू वाढतात. ठिपका ताजा असावा, फवारणीनंतर लगेच तोडलेले पान नसावे. पाकिटावर बाग, वाण, बहार, कलमे कोणत्या रोपवाटिकेतून आणि कोणत्या वर्षी आणली, आणि मागच्या तीन बहारांत तांबे व प्रतिजैविके किती वेळा फवारली, एवढे लिहा. शेवटची नोंद लोक टाळतात, ती मात्र आग्रहाने घ्या.